वाचतच नाही हो, काय देऊ?

वाचनालयाच्या काउंटरवर पुस्तक बदलताना आया हमखास विचारतात, "आमचा मुलगा वाचतच नाही हो. त्याला काय वाचायला देऊ?" मी उलट विचारते, घरात मोठ्यानं कोण वाचून दाखवतं? बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. मुलाच्या हातात पुस्तक देऊन त्याला एकट्याला खोलीत बसवू नका. रोज वाचायची रीत आपल्या घरांत होतीच की. चातुर्मासात संध्याकाळी पोथी लागायची. श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' 36 अध्यायांचा. जमलं तर अख्खा अध्याय, नाहीतर चार ओव्या. वाचणारा एक, ऐकणारं सगळं घर. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. वाती वळता वळता ती ऐकायची, आणि वाचणाऱ्यानं एखादी ओवी गाळली की वात तशीच हातात धरून म्हणायची, "मागं जा रे." पोथी नको असेल तर राहू द्या, पण तेवढी रीत घ्या.

रात्रीची जेवणं झाली की दहा-पंधरा मिनिटं पुरेत. ऐकणाऱ्यांनी मेथी निवडावी, कपड्यांच्या घड्या घालाव्यात. आठवीतला मुलगा छताकडे बघत लोळत असेल तर लोळू द्या, त्याचे कान तिथंच असतात. ऐकणाऱ्यांचे मोबाईल मात्र दुसऱ्या खोलीत. आणि गोष्ट ऐन रंगात आली की थांबा. उरलेलं पान कुणीतरी दुपारी गुपचूप वाचून टाकतं. टाकू द्या, तेच तर हवंय आपल्याला!

इंग्रजी माध्यमातल्या मुलांना तर हे ऐकणं फारच उपयोगी पडतं. मराठी ती फडाफडा बोलतात, पण छापील ओळीत जोडाक्षर आलं की अडतात, आणि 'हिरमुसला', 'तिन्हीसांजा' असे शब्द रोजच्या बोलण्यात त्यांच्या कानावर फारसे येत नाहीत. एकदा कानावरून गेलेला शब्द पुढं पानावर दिसला की चटकन ओळखू येतो.

एक मात्र कळकळीनं सांगते. वाचून झाल्यावर "यातून काय शिकलास?" असं विचारू नका. गोष्टीचा धडा झाला की मूल उठून जातं. त्यानं आपणहून काही विचारलं, तर मग कितीही वेळ बोला.

पैशांची अडचण असेल तरी अडत नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर' या वेबसाइटवर लहानग्यांसाठी मराठी चित्रकथा आहेत, त्याही फुकट. माळ्यावरच्या जुन्या दिवाळी अंकांतल्या विनोदी कथा मोठ्यानं वाचायला फार छान.

आणि पुस्तक निवडायला एकट्या येऊ नका. घरी जे वाचणार आहेत, आजोबा, बाबा, ताई, त्यांना बरोबर आणा. एक पान इथंच मोठ्यानं वाचून बघा, बाकीचे वाचक काही म्हणणार नाहीत. वाक्यं तोंडात बसत नसतील तर ते कपाटात परत ठेवू आणि दुसरं काढू.