ठराव झाला होता, मग स्वच्छतागृह कुठे गेलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न नेहमीचाच. ‘मासळी बाजाराजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह बांधायचा ठराव झाला होता ना? तोही सर्वानुमते? मग पैसे गेले कुठे?’ शेवटचं वाक्य बोलताना आवाज जरा खाली येतो आणि भुवई वर जाते.

पैसे कोणी खाल्ले नाहीत. खर्ची पडलेल्या रकमेची मोजमाप पुस्तिकेत नोंद आहे, लेखापरीक्षणात आक्षेप नाही. नगरपरिषदेत सभेचं काम सांभाळलेला माणूस हे सांगतोय म्हटल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, तेही ठाऊक आहे. पण खाल्ले असते तर उत्तर एका ओळीत संपलं असतं.

आधी ठरावाचं बोलू. हात वर झाले, सूचक-अनुमोदकांची नावं लिहिली गेली, की काम मंजूर झालं असं तुम्ही धरून चालता. ठरावाची शेवटची ओळ कधी वाचलीत का? ‘पुढील कार्यवाही करणेस मुख्याधिकारी यांना प्राधिकृत करणेत येत आहे.’ म्हणजे सभेने कार्यालयाला फाईल उघडायला सांगितली, एवढंच. मग जागेची मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, अंदाजपत्रक, त्याला तांत्रिक मान्यता, निधी देणाऱ्याची प्रशासकीय मान्यता, ई-निविदा, करारनामा, कार्यादेश. पहिल्या वेळी तीन निविदा आल्या नाहीत तर फेरनिविदा. ठेकेदाराने दर फारच खाली टाकला तर जादा सुरक्षा ठेव, आणि ती भरेपर्यंत कार्यादेश नाही. यातली एकही पायरी वेडेपणाची नाही. प्रत्येकीमागे कुठल्यातरी गावात कधीतरी झालेला घोटाळा आहे.

तरीही निर्णय यातल्या कुठल्याच पायरीवर होत नाही. तो त्याआधीच झालेला असतो, लेखाशीर्षात, म्हणजे पैसा हिशेबात कुठल्या कामाच्या नावाखाली येतो त्या रकान्यात.

आपल्यासारख्या क वर्गाच्या नगरपरिषदेचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी आणि गाळ्यांचं भाडं. पगारातला वाटा, वीजबिल आणि गाड्यांचं डिझेल यातच ते संपतं. बांधकामाला लागणारा पैसा बाहेरून येतो आणि अटी घेऊनच येतो. दलित वस्ती सुधारणेचा पैसा वस्तीबाहेर वापरता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात ६० टक्के बंधित होतं, अर्धं पिण्याच्या पाण्याला, अर्धं स्वच्छतेला. उरलेलं ४० टक्के मोकळं, पण पगाराला चालत नाही. पर्यटनाचा पैसा पर्यटकासाठी. गरज काय आहे हे गावाला माहीत असतं, पण अंदाजपत्रकाचा कारकून आधी विचारतो, कुठल्या शीर्षात बसवू?

आता ती सभा. २०१९ सालची विशेष सभा, विषय एकच: ‘पर्यटन निधीतून मंजूर स्वच्छतागृहासाठी जागा निश्चित करणे’. हे विषयाचं वाक्य पुन्हा वाचा. ‘मासळी बाजार’ हे शब्द त्यात नाहीत. पहिल्या ठरावात होते. मधल्या काळात निधी पर्यटनातून मिळाला, आणि विषयपत्रिका टंकताना बाजार गळून पडला. कोणी मुद्दाम काढला नाही. मंजुरीच्या पत्रात जी भाषा होती तीच उतरवली गेली.

दोन जागा होत्या. पहिली, बाजाराच्या उत्तरेची साठेक चौरस मीटरची पट्टी, मिळकत पत्रिकेवर नगरपरिषदेचंच नाव. सकाळी सहापासून दुपारपर्यंत तिथे चाळीसेक बायका पाट्या घेऊन बसतात. दुसरी, किनाऱ्यावरचा वाहनतळ, शासकीय जमीन, बाजारापासून चारशे मीटर.

पहिल्या जागेची अडचण खरी होती, हे आधी मान्य करा. ११ मीटरवर एका घराची वापरातली विहीर. आपल्याकडे वरती वाळू आणि पावसाळ्यात भूजल जमिनीखाली मीटर-सव्वा मीटरवर. शोषखड्ड्याला तळाखाली दीड-दोन मीटर कोरडी जमीन लागते, तेव्हाच पाणी गाळून जिरतं. इथे जुलैत खड्डा खालूनच भरतो आणि टाकीतलं सांडपाणी थेट विहिरीच्या पाण्यात मिसळतं. विहीरमालकाने लेखी कळवलं होतं की असा ठराव केलात तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली स्थगितीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईन. त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो.

पण अभियंत्याच्या टिपणीत तोड होती. शोषखड्डा नकोच, चारी बाजूंनी आणि तळाशी पाणीबंद टाकी बांधायची आणि भरली की उपसायची. चाळीस बायका, प्रत्येकी दोन वेळा, दर वेळी भांड्याने ओतलेलं आणि हातपाय धुतल्याचं मिळून चार लिटर. रोजचे ३२० लिटर. १०,००० लिटरची टाकी महिनाभर पुरते. टिपणीत आणखी एक बारकावा होता, जो सभेत कोणी वाचला नाही. पावसाळ्यात टाकी उपसून रिकामी केली की भूजल तिला खालून उचलतं, म्हणून तळाचा स्लॅब भिंतीबाहेर फूटभर काढून त्यावर भराव दाबायचा. दारं फायबरची, बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या, सळईवर काँक्रीटचं आवरण नेहमीपेक्षा जाड. खाऱ्या हवेत साधं लोखंडी दार दुसरा पावसाळा बघत नाही. चांगली टिपणी होती. पण शेवटी लिहिलं होतं: ‘दरमहा मैला उपसा व सफाई कामगार यांचा आवर्ती खर्च प्रस्तुत निधीतून अनुज्ञेय नाही.’

सभा दीड तास चालली. एका नगरसेवकाने दुर्गंधीचा मुद्दा काढला, जणू आत्ता तिथे अत्तर शिंपडलेलं असतं. दुसरा म्हणाला, पैसा पर्यटनाचा आहे, उद्या तपासणी आली तर बाजारात पर्यटक कुठून दाखवू? एक बाई सदस्य बोलल्या. पर्यटकही बाजारात मासळी घ्यायला येतातच, तेवढं लिहा आणि पुढे चला, म्हणाल्या. हा मुद्दा टिकला असता. तेवढ्यात कोणीतरी आवर्ती खर्चाकडे बोट दाखवलं. चौदाव्या वित्त आयोगाच्या पैशातून तो भागवता आला असता, पण त्या वर्षीचा तो पैसा घंटागाड्यांना लागला होता.

मागच्या बाकांवर बाजारातल्या पाच-सहा बायका बसल्या होत्या. सभा लोकांना खुली असते, बसता येतं, बोलता येत नाही. वाहनतळाचं नाव निघालं तेव्हा त्यांतली एक शेजारणीला म्हणाली, ‘पाटी सोडून थय कोण जातला?’ आवाज मोठा नव्हता, पण सभागृह लहान आहे. सगळ्यांनी ऐकलं. पीठासनाने शांततेची विनंती केली.

इतिवृत्तात हे काही नाही. त्यात आहे: ‘सविस्तर चर्चेअंती, वाहनतळ येथील जागा सर्वानुमते निश्चित करणेत येत आहे.’ सर्वानुमते कसं, तर बाजाराच्या जागेच्या बाजूने बोललेल्यांनी ‘आमचा विरोध नोंदवा’ असं म्हटलं नाही. बोलणं वेगळं, नोंदवायला सांगणं वेगळं. मतदान मागितलं नाही तर हरकत घेतलेला माणूसही सर्वानुमतात मोजला जातो. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम करायचा विषय असतो, तिथेही दुरुस्ती सुचवता येते. तिथेही कोणी बोललं नाही.

आणि आता ज्या गोष्टीची मला अजून चीड येते ती. किनारा नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना जानेवारीत निघाली होती, पण तिच्याप्रमाणे जिल्ह्याचा किनारा आराखडा मंजूर होईपर्यंत २०११ चेच नियम लागू होते. आपला किनारा तेव्हा तिसऱ्या वर्गात, म्हणजे फारसं बांधकाम न झालेल्या किनाऱ्यांत. तिथल्या ना-विकास पट्ट्यात पक्क्या बांधकामाला मनाई, अपवाद थोडे. त्या थोड्यांत एक असा: स्थानिक रहिवाशांना लागणारी सार्वजनिक स्वच्छतागृहं, राज्याच्या किनारा प्राधिकरणाच्या परवानगीने, प्रकरण पाहून. स्थानिक रहिवाशांना! म्हणजे मासळी विकणाऱ्या बाईसाठी किनाऱ्याच्या नियमात दार होतं, पण पर्यटनाच्या पैशाला ती बाई दिसत नव्हती. आणि ज्या पर्यटकासाठी पैसा होता, त्याच्यासाठी वाहनतळावर पक्क्या बांधकामाला नियमात दार नव्हतं. दोन्ही कागद एकाच टेबलावर होते.

प्रस्ताव मुंबईला गेला. भरतीरेषा दाखवणारा १:४००० चा नकाशा अधिकृत संस्थेकडून करून जोडा, असं पत्र आलं. नकाशाचं शुल्क कुठल्या शीर्षातून भरायचं यावर एक फाईल वेगळीच फिरली. तोवर निधी खर्चायची मुदत तोंडावर आली. निधी परत जाऊ नये म्हणून कामात बदल मागितला गेला, मिळालाही: बाहेरच्या रस्त्यालगत पेव्हर ब्लॉक, बाकडी, सौरदिवे. तुम्ही संध्याकाळी ज्या बाकड्यांवर बसून मला हा प्रश्न विचारता, ती बाकडीच तुमचं उत्तर आहेत.

पूर्वी मला कोणी टोकलं की मी म्हणायचो, नियम होता म्हणून किनारा राहिला, नाहीतर वाहनतळापासून दीपगृहापर्यंत काँक्रीट ओतून झालं असतं. हे आजही खरं मानतो. पण त्या बोलण्यात एक सोय होती: नियमावर बोट ठेवलं की लेखाशीर्षाबद्दल बोलावं लागत नाही. किनाऱ्याचा नियम केंद्राचा, तो बदलणं आपल्या हातात नव्हतं. पहिल्या ठरावानंतर निधीची मागणी करताना ‘स्थानिक मासळी विक्रेत्या महिलांसाठी’ एवढे शब्द पत्रात घालणं मात्र हातात होतं. घातले असते तर पर्यटनाचा पैसा आला असता का? बहुधा नाही. मग काहीच आलं नसतं आणि तुम्ही मला ‘निधी का आणला नाहीत’ असं विचारलं असतं. त्यामुळे मला दोष देऊ नका असं म्हणवत नाही, आणि द्या असंही म्हणवत नाही.

नंतरचं तुम्ही पाहिलंतच. २०२१ अखेर सदस्यांची मुदत संपली, प्रशासक आले. प्रशासकाच्या काळात विषय मांडणारा, मंजूर करणारा आणि अंमल करणारा एकच माणूस असतो, सगळं झटपट होतं असं तुम्हीच कौतुकाने म्हणत होता. झटपट झालंच. वाहनतळावर तयार फायबरच्या चार कोठड्या आल्या. वर ५०० लिटरची टाकी. दर वापराला पाच लिटर धरले तर शंभर वापर, रविवारी अकरापर्यंत संपतात. पाणी भरायला माणूस नाही, कारण कोठड्यांच्या खरेदीला पैसा होता, माणसाला नव्हता. मग कुलूप. चावी कोणाकडे, यावर तुमचे वेगळे तर्क आहेतच.

२ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, सभागृह परत आलं. आता विचारणार असाल तर मला नको, तुमच्या प्रभागातल्या सदस्याला विचारा, आणि ‘ठराव कधी’ असं विचारू नका. विषयपत्रिकेवर ‘योग्य ठिकाणी स्वच्छतागृह बांधणे’ असं दिसलं तर मिळकत क्रमांक घालायला लावा. ‘योग्य ठिकाणी’ म्हणजे निधी नेईल तिथे. माहिती अधिकारात ठरावाची नक्कल मागून काही हाती लागत नाही, विषयाबरोबरची कार्यालयीन टिपणी मागा. सभेत विरोध असेल तर तुमच्या माणसाला ‘नोंदवा’ हा शब्द उच्चारायला सांगा. आणि अंदाजपत्रकाच्या सभेत एकच गोष्ट बघा: सफाई कामगार, पाणी आणि मैला उपसा यांची तरतूद स्वनिधीत धरली आहे का. बांधकामाचा पैसा कुठून ना कुठून येतो. या तीन ओळी नसतील तर बांधूच नये असं माझं मत आहे, आणि ते बाजारातल्या बायकांसमोर बोलायची माझी हिंमत नाही.

पाणीबंद टाकीची जुनी टिपणी अजून फाईलमध्ये आहे. दर जुने झालेत, अंदाजपत्रक चालू दरसूचीप्रमाणे नव्याने करावं लागेल. विहीरही वापरात आहे. उपसलेला मैला ओतायला गावात जागा नाही, म्हणून शेजारच्या शहरातल्या मैलागाळ प्रक्रिया केंद्राची लेखी संमती लागेल. संमती मागणारं पत्र माझ्या माहितीप्रमाणे अजून कोणी पाठवलेलं नाही.