मामलेदाराची दुमची

ठाण्यात बाळकुमला आमच्या घरामागे पत्र्याची शेड होती. तिच्यात दोन घोड्या आणि एक खेचर. घोड्या लग्नाच्या, म्हणजे घरातल्या कमावत्या. खेचर उधारीत आलेलं. भिवंडीकडच्या एका वीटभट्टीवाल्याकडे बाबांचे पैसे अडकले होते, त्याने एका सकाळी ते आणून दारात बांधलं आणि म्हणाला, "माझ्याकडे हेच आहे." बाबा दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. आई म्हणाली, "आता ह्याच्यावर कुठला नवरदेव बसणार?"

आजोबांनी त्याचं नाव ठेवलं मामलेदार. मनात आलं तरच जागचा हलायचा म्हणून. ही २००८ ची गोष्ट, मी नऊ वर्षांची. घोड्यांवर बसायची मला बंदी होती. पडून हातपाय मोडला तर पोरीचं लग्न कसं व्हायचं, हे आजीचं पालुपद. खेचराबद्दल मात्र कुणी काही नियम केलाच नव्हता. म्हणून मी बसायला शिकले ती खेचरावर.

पहाटे पाचला आम्ही जनावरं फिरवायला घोडबंदर रोडच्या कडेने निघायचो. बाबा चंदा घोडीवर, मी मागे मामलेदारावर. घोडबंदर म्हणजे घोड्यांचं बंदर, जुन्या काळी तिथे अरबी घोडे उतरायचे असं सांगतात. आमच्या वेळी तिथे उतरायची ती फक्त खडी आणि सिमेंट. टॉवरांची कामं चालू, काँक्रीटचे मिक्सर गरगरत जायचे. चंदा वरातीतली, डीजेला सरावलेली. तिच्या कानाशी पत्र्याचे डबे बडवत बडवतच बाबा तिला चंदी खायला घालायचे, म्हणजे आवाज झाला की खाणं आठवावं. तरीही रस्त्यावर उडणारी एक प्लास्टिकची पिशवी दिसली की ती बुजायची आणि आडवी पळायची. मामलेदार पळायचा नाही, थांबायचा. एक कान पुढे, एक मागे. पिशवीचा पुरता विचार झाला की मग चालू. तेवढ्या वेळात तुम्ही टाचा मारा, शिव्या द्या, रडा, काही उपयोग नाही. मी तिन्ही केलंय.

(शाळेत नववीला बाईंनी खेचराचं उदाहरण दिलं, तेव्हा वर्गात मला एकटीलाच माहीत होतं की बाप गाढव आणि आई घोडी. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची मधली ६३, म्हणून त्याला पिल्लं होत नाहीत, हे मात्र मला त्या दिवशी कळलं. घरी येऊन मामलेदाराला सांगितलं. तो कडबा खात होता.)

डिसेंबर २०१२ मध्ये बाबा चंदाला घेऊन सारंगखेड्याला निघाले आणि रडून रडून मीही टेम्पोत चढले. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी दत्तजयंतीला ही यात्रा भरते. मी एवढे घोडे कधी एका जागी पाहिले नव्हते. मारवाडी घोड्यांचे कान तर असे आत वळलेले की टोकाला टोक भिडतं. गिऱ्हाईक येतं ते आधी दात बघतं, कारण पाच वर्षांचा होईतो पुढचे कायमचे दात पुरे येतात, तिथवर वय चोरता येत नाही. मग उंची, इंचांत. मग अंगावरचे केसांचे भोवरे. गळ्यावर देवमण नावाचा शुभ भोवरा आहे का, चारही पाय आणि कपाळ पांढरं, म्हणजे पंचकल्याणी आहे का. मग चाल. रेवाल चालीत एका बाजूचे दोन्ही पाय जोडीने पडतात, वरच्या माणसाला धक्का म्हणून लागत नाही. शेवटी एक म्हातारा घोडेवाला मला म्हणाला, "पोरी, घोडी नुसती धरू नकोस, उभी कर." म्हणजे पुढचे पाय सरळ रेषेत, मान उंच, आणि खिशात हरभरे ठेवून ते हलकेच खुळखुळवायचे, की कान टवकारले जातात. तीन दिवस मी चंदाला उभी केली. विकली नाही, पण बघणारे थांबत होते, आणि तेरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात हवा जायला तेवढं पुरेसं होतं.

महिन्याभरात म्हसा. मुरबाडजवळची ही पौष पौर्णिमेची जत्रा बैलांची आणि घोंगड्यांची. आत्याकडे मामलेदाराला घेऊन गेलो होतो. मी ठरवलं, ह्यालाही उभा करायचा. खरारा केला, तेल लावलं, आयाळ विंचरली. हरभरे खुळखुळवले. कान टवकारायच्या ऐवजी त्याने खिसाच फाडला. आणि शेपटीखालून जाणारी ती दुमची, म्हणजे खोगिराला मागून जोडलेला पट्टा, मला फार ओंगळ दिसायला लागली. चंदाला नसते, मग ह्यालाच कशाला? सोडली आणि पिशवीत टाकली.

घोड्याला मानेच्या बुडाशी उंचवटा असतो, तो खोगीर अडवतो. खेचराची पाठ गाढवावर गेलेली, सपाट. तिथे खोगीर मागून धरून ठेवते ती दुमचीच. शेताच्या बांधावरून खाली उतरताना खोगीर हळूहळू पुढे सरकायला लागलं आणि मीही त्याच्याबरोबर. आधी खांद्यांवर, मग मानेवर, मग दोन लांब कानांच्या मधोमध माझं तोंड. समोर शंभरेक माणसं आणि त्यांचे बैल. तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, ढिला पडला, खोगीर खाली फिरलं, मी उलटी, एक पाय रिकिबीत अडकलेला.

चंदा असती तर बुजून पळाली असती आणि मला फरफटत नेलं असतं. मामलेदार थांबला. पोटाखाली खोगीर लोंबकळतंय, तोंडाशी एक मुलगी लोंबकळतेय, आणि हा एक कान पुढे, एक मागे. विचार चालू. बाबा धावत येऊन माझा पाय सोडवेपर्यंत त्याने खूरसुद्धा उचलला नाही. बाजूचे एक आजोबा घोंगडी सावरत म्हणाले, "गाढवाच्या पोराला घोडा करायला गेली व्हय गं?"

नंतर बऱ्याच वर्षांनी मोबाईलवर बघितलं, कॅलिफोर्नियात बिशप नावाच्या गावी दरवर्षी खेचरांचाच उत्सव भरतो, 'म्यूल डेज'. तिकडे खेचराला जागेवर उभं राहून उडी मारायला लावतात, पळत येऊन नाही. मी शेडमागे बांबू बांधून बघितला. पहिल्यांदा मामलेदाराने उडी मारली, अगदी देखणी. दुसऱ्यांदा तो बांबूखालून वाकून गेला. तिसऱ्यांदा बांबू खाल्ला.

२०१९ ला शेडची जागा गेली. घोड्या विकल्या, मामलेदार आत्याकडे मुरबाडला गेला. दुमची चुकून आमच्याच सामानात आली. आता ती फ्लॅटच्या दारामागे खिळ्याला आहे, आई तिच्यात ओली छत्री अडकवते. पाहुण्यांनी विचारलं की म्हणते, "हिच्या रायडिंगचं आहे काहीतरी." नेमकं कुठे बांधतात ते मी अजून तिला सांगू दिलेलं नाही.