मातीच्या भिंतींसाठी इतक्या लांब

‘कार्ले-भाजे हाकेच्या अंतरावर असताना तुम्ही हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यातील त्या मातीच्या बौद्ध मठासाठी पुन्हा पुन्हा का जाता?’ असा प्रश्न मला पुण्यात नेहमी येतो. तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

ताबो येथील हा मठ पश्चिम तिबेटातील गुगे राज्याचा राजा येशे ओ याने इ. स. ९९६ मध्ये स्थापला. पुढे ४६ वर्षांनी त्याच्याच घराण्यातील जांगछुब ओ याने त्याचा जीर्णोद्धार केल्याचे तेथील भिंतीवरचा लेखच सांगतो. बाहेरून पाहावे तर धाब्याची बसकी, मातकट घरे, आणि पहिल्या भेटीत माझाही हिरमोड झाला होता. मुख्य मंदिरात मात्र डोळे अंधाराला सरावले, की भिंतींवर बसवलेल्या तीसहून अधिक मृण्मूर्ती एकेक करून दिसू लागतात. त्यांच्या वर-खाली चित्रांच्या ओळी असतात आणि आत एकमेकींकडे पाठ करून चार दिशांना तोंड केलेल्या चार मूर्तींच्या रूपात वैरोचन बुद्ध बसलेला असतो. ही सारी मांडणी मिळून एकच मंडल, म्हणजे मध्यवर्ती बुद्धाभोवती देवतांना ठरलेल्या जागी बसवणारा पवित्र आराखडा, होते. त्यातील एखादी मूर्ती संग्रहालयात नेली, तर ती सुंदर दिसेल, पण तिची जागा हरवेल. ‘हिमालयातील अजिंठा’ हे विशेषण मला म्हणूनच अपुरे वाटते. अजिंठ्यातून भिक्खू केव्हाच निघून गेले, येथे लामा आजही राहतात.

कार्ल्याचा चैत्य, विशेषतः त्याच्या छतातील दोन हजार वर्षांच्या लाकडी फासळ्या, मलाही प्रिय आहेत. पण तो कातळ आहे. माणसे गेली तरी तो उभा राहिला. माती तसे करत नाही. आमच्या पेठेतील वाड्याची कौले एका पावसाळ्यात फुटली, ती कोणी बदलली नाहीत, आणि चार वर्षांत पांढऱ्या मातीच्या भिंतीला पोट आले. ताबोला कोरड्या हवेची साथ आहे हे खरे. तरी सपाट धाब्यावरचा बर्फ वेळेवर ओढावाच लागतो, गळती बुजवावीच लागते, आणि १९७५च्या भूकंपात झालेली हानीही कोणीतरी निस्तरावीच लागली. पुरातत्त्व खात्याचे संरक्षण अलीकडचे. त्याआधीची कित्येक शतके हे काम तिथल्याच माणसांनी केले, आणि मला त्या चित्रांइतकेच त्याचे मोल वाटते.

जाणार असाल, तर आत छायाचित्रे काढू देत नाहीत. विजेरी जवळ ठेवा. पण आधी थोडा वेळ तिच्याशिवायच बसा.