यादी खालून वर

आमच्या धाकटीचा जीपीए, म्हणजे शाळेतल्या ग्रेडची सरासरी, चारपैकी २.९. हे आज मी सहज लिहून टाकलं, पण दीड वर्षापूर्वी इथे न्यू जर्सीतल्या मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं असतं तर मी मोदकाचं ताट उचलून दुसऱ्या टेबलाकडे गेले असते. खरं सांगायचं तर गेलेच होते.

तिच्या आधी थोरला. त्याला चारपैकी चार. त्याची कॉलेजांची यादी त्यानेच केली, निबंध त्यानेच लिहिले, आणि आमच्या वाट्याला आलं ते फक्त अर्जाची फी भरायला क्रेडिट कार्ड देणं. त्यामुळे आम्हा दोघांचा गोड गैरसमज झाला होता की मुलांना कॉलेजात घालायचं काम आपल्याला जमतं.

धाकटी अकरावीत असताना मार्चमध्ये शाळेने पालकांची मीटिंग घेतली आणि नेव्हियान्स कसं वापरायचं ते दाखवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: आपल्याच शाळेतून आधीच्या वर्षांत कुणी कुठे अर्ज केला आणि काय झालं, त्याचा एक आलेख त्यात दिसतो. आडव्या रेषेवर एसएटी या प्रवेश परीक्षेचे मार्क, उभ्या रेषेवर जीपीए. प्रवेश मिळालेल्यांच्या हिरव्या खुणा, नकाराच्या लाल, आणि मधे कुठेतरी आपलं मूल, एक छोटासा गोल. थोरल्याच्या वेळी मी हा आलेख उघडलाही नव्हता. रात्री स्वयंपाकघरात बसून आता उघडला. थोरल्याची जुनी यादी समोर ठेवून एकेक कॉलेज टाकत गेले. प्रत्येक आलेखात लेकीचा गोल खाली डावीकडच्या कोपऱ्यात एकटा. त्याच्या आसपास लालसुद्धा खुणा नव्हत्या. म्हणजे तिच्यासारख्या मुलांनी तिथे अर्जच केले नव्हते. शहाणी मुलं.

एसएटीचंही तसंच. तिला १६०० पैकी १०६० मिळाले. सगळ्या देशाची सरासरी हजाराच्या जरा वर असते. म्हणजे आमची पोरगी देशात सरासरीच्या पुढे आणि आमच्या गल्लीत नापास. न्यू जर्सीत ज्या शाळांसाठी आपण मुद्दाम महागडी घरं घेतो, तिथे ही गंमत होतेच. पण ते घर घेताना एजंट सांगत नाही.

मी डॉक्टरांच्या एका ग्रुपसाठी मेडिकल बिलिंग करते. शेजारच्या क्युबिकलमधली बाई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, तीन मुलांची कॉलेजं पार पाडलेली. लंचमध्ये मी तिच्यापाशी रडगाणं गायले. तिने शांतपणे सॅलड खात विचारलं, "क्लेम पाठवायच्या आधी तू काय बघतेस?" म्हटलं, एलिजिबिलिटी. पेशंटचा इन्शुरन्स चालू आहे की नाही ते. "मग इथे उलटं का करतेयस? प्रवेश नक्की मिळेल, पैसे झेपतील आणि पोरगी तोंड पाडून जाणार नाही, असं एक ठिकाण आधी शोध. ते यादीत सगळ्यात खाली लिही. मग एकेक पायरी वर चढ."

तिन्ही अटी एकदम पुऱ्या व्हायला हव्यात, यात सगळी मेख आहे. बहुतेक घरांत सेफ्टी कॉलेज म्हणून जे नाव लिहितात, ते मुलाने कधी पाहिलेलं नसतं आणि आईबापांना ते उच्चारायचीही लाज वाटते. मग एप्रिलमध्ये तेच एक हातात राहतं आणि घरात सुतक.

आमच्या यादीत सगळ्यात खाली आलं काउंटी कॉलेज, म्हणजे जिल्ह्याचं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. आपली माणसं 'कम्युनिटी कॉलेज' हे शब्द आजाराचं नाव घ्यावं तसे आवाज खाली करून बोलतात. मीही बोलायचे. पण कायदा वाचला आणि मत बदललं. न्यू जर्सीत अशी १८ कॉलेजं आहेत आणि २००७ च्या कायद्याने राज्यातल्या सरकारी कॉलेजांना आपसात करार करावा लागला: काउंटी कॉलेजातून एए किंवा एएस ही दोन वर्षांची पदवी घेऊन सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला, की ती पदवी तिथली पहिली दोन वर्षं म्हणून धरायची. दोन वर्षं घरी राहून, थोडक्या फीमध्ये. शेवटी हातात येणाऱ्या पदवीवर विद्यापीठाचंच नाव. पुण्याला सासूबाईंना हे फोनवर समजावलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे डिप्लोमा करून मग डिग्रीला जातात तसं? मग त्यात काय एवढं?" एका वाक्यात निकाल लावला त्यांनी.

लेक मात्र तयार नव्हती. "आई, मला घराबाहेर जायचंय." ठीक. म्हणून काउंटी कॉलेज पाया म्हणून राहिलं आणि त्यावर चढली राज्यातली सरकारी विद्यापीठं: कीन, विल्यम पॅटरसन, स्टॉकटन, माँटक्लेअर स्टेट. त्यांच्या वर रटगर्स, तेही सरकारीच. बाजूला पेनसिल्व्हेनियातलं एक खासगी कॉलेज, तिच्या बाबाला तिथल्या इमारती आवडल्या म्हणून. आणि अगदी वर दोन नावं तिच्या हट्टाची, ती इथे लिहीत नाही. ही यादी तिने पिझ्झाच्या खोक्याच्या झाकणावर स्वतःच्या हाताने लिहिली. माझं एक्सेल होतं, चौदा कॉलमचं, रंग दिलेलं. ते तिने एकदाही उघडलं नाही.

निबंधावरून आमचं खरं भांडण झालं. कॉमन अ‍ॅपचा म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जाचा निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो. मला वाटत होतं तिने भरतनाट्यमवर लिहावं. आठ वर्षं शिकली, अरंगेत्रमच्या आधी सोडलं, ही गोष्ट मी मनातल्या मनात 'जिद्द' या सदरात घालून ठेवली होती, का ते मलाच माहीत. तिने लिहिलं केकवर नावं घालण्याबद्दल. ती शनिवार-रविवार एका सुपरमार्केटच्या बेकरी काउंटरवर काम करते. आमच्या भागात अर्धी गिऱ्हाइकं देशी, आणि आठ इंची गोल केकवर 'हॅपी बर्थडे वेंकटसुब्रमण्यम' बसवणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही. आधी अक्षरं मोजायची, मधलं अक्षर कुठलं ते ठरवायचं, टूथपिकने क्रीमवर बारीक टोचून जागा धरायची, मग मधून दोन्हीकडे जायचं. घाई केली की शेवटची चार अक्षरं कडेवरून खाली उतरतात. स्पेलिंग गिऱ्हाइकाकडून कागदावर लिहून घ्यायचं, कारण श्वेता चार प्रकारे लिहितात आणि प्रत्येकीला आपलीच बरोबर वाटते.

मी तो निबंध 'जरा सुधारला'. दोन परिच्छेद हलवले, जड जड शब्द घातले. तिने वाचला आणि म्हणाली, "हे तुझ्या ऑफिसच्या अपील लेटरसारखं वाटतंय." नाकारलेल्या क्लेमसाठी इन्शुरन्सला अशी अपील लेटर मी दिवसाला पाच-सहा लिहिते, त्यामुळे नाकबूल करायची सोय नव्हती. तिचा मूळ निबंध परत लावला. त्यानंतर मी फक्त स्वल्पविराम बघितले. त्यातलेही दोन तिने नाकारले.

दहावीतल्या केमिस्ट्रीच्या सी ग्रेडबद्दलही तिने काहीतरी लिहावं असं मला वाटत होतं. अर्जात जादा माहितीसाठी जागा असते. खरोखरचं आजारपण, घरातलं संकट, शाळा बदलणं, हे तिथे जरूर लिहावं. मी तिला म्हटलं, तुला तेव्हा मायग्रेन होता ना? ती म्हणाली, "दोनदा होता, आई. केमिस्ट्री वर्षभर होती." जागा रिकामी सोडली.

रटगर्सच्या अर्जात एक वेगळाच प्रकार होता, एसआरएआर. नववीपासूनचा प्रत्येक विषय आणि त्याची ग्रेड विद्यार्थ्याने आपल्या हाताने भरायची, बारावीला कुठले विषय घेतलेत तेही. ऑक्टोबरातल्या एका रविवारी ती जेवणाच्या टेबलावर ट्रान्सक्रिप्ट शेजारी ठेवून भरत बसली होती. मी पोळ्या लाटत होते. टकटक चालू होती आणि मधेच थांबली. मी मागे वळून पाहिलं नाही. दोन पोळ्या झाल्या. मग की-बोर्डवर एकच टक वाजलं, आणि पुढे पुन्हा नेहमीच्या वेगाने. ग्रेड बघून दोन वर्षांपूर्वी मी जे काही बोलले होते, ते सगळं मला त्या दोन पोळ्यांत आठवलं. तवा तापलेला होता म्हणून बरं, डोळ्यांत पाणी यायला कारण होतं.

पैशाचं लवकर सांगते, कारण इथेच लोक फसतात. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता आपल्याला अंदाजे किती भरावे लागतील ते सांगणारा. सरकारी आर्थिक मदत घेणाऱ्या कॉलेजांना तो २०११ पासून ठेवावाच लागतो. अर्ज करायच्या आधी तो भरा, नंतर नाही. त्या खासगी कॉलेजने तिला वर्षाला २६,००० डॉलरची स्कॉलरशिप दिली, जाड कागदावर, सोनेरी कड असलेलं पत्र. बाबा खूश. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. वर्षाचा खर्च, राहणं-खाणं धरून, ६८,०००. वजा २६,०००. उरले ४२,०००. पहिल्या वर्षी मुलाच्या स्वतःच्या नावावर सरकारी कर्ज मिळतं ते ५,५०० पर्यंत. बाकीचं कोण भरणार? सोनेरी कड. पत्र फ्रिजवर चिकटवलं आणि कॉलेज यादीतून काढलं. शाबासकी शाबासकीच्या जागी राहू दे. आणखी एक: सरासरी मार्कांच्या मुलाला 'अर्ली डिसिजन घे, चान्स वाढतो' असं सांगणारे बरेच भेटतील. तो करार बांधून टाकतो. मिळालं की जायचं, दुसरीकडचे आकडे शेजारी ठेवून बघायची सोय नाही. आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

पहिलं पत्र थँक्सगिव्हिंगनंतर आलं, स्टॉकटनचं, होकाराचं. ती कामावर होती, तिथूनच फोन केला. मागे कुणीतरी "अर्धा किलो खारी" मागत होतं. यादी खालून केल्याचा फायदा मला त्या दिवशी कळला. डिसेंबर उजाडायच्या आत घरातली भीती संपली होती. पुढचे चार महिने बाकी घरांतून कण्हण्याचे आवाज येत होते आणि आम्ही 'आता बघू अजून काय मिळतं' या मूडमध्ये. मार्चमध्ये वरच्या दोन्हीकडून काय यायचं ते आलं, एक नकार, एक वेटलिस्ट. ती संध्याकाळभर खोलीत होती. मी दाराशी वरणभाताचं ताट ठेवलं आणि टेबलाशी येऊन ते ईमेल चार वेळा वाचलं. आमच्याकडे क्लेम रिजेक्ट झाला की कारणाचा कोड येतो. सीओ-१६ म्हणजे माहिती अपुरी. अपुरी असेल तर पुरी करून परत पाठवते. इथे कोड नाही. अर्ज फार आले, उत्तम मुलं फार होती, शुभेच्छा. सवयीने मी अपीलचा पत्ता शोधला, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

फेब्रुवारीत आम्ही स्टॉकटन बघायला गेलो होतो. पार्कवेने दीड तास खाली, पाइनच्या जंगलात कॅम्पस आहे आणि मधे लेक फ्रेड नावाचं तळं. हॉटेल आणि पर्यटन व्यवस्थापनाची पदवी तिथे आहे, तिला तेच हवं होतं. टूरवर बाकीचे पालक प्लेसमेंट विचारत होते. ही आमची फिरवणाऱ्या मुलीला विचारत होती, डायनिंग हॉलमधले केक इथे बनतात की बाहेरून येतात. त्या मुलीला माहीत नव्हतं. तिने आत जाऊन विचारून आणलं. परतताना गाडीत लेक म्हणाली, "तिने विचारून आणलं ना, ते मला आवडलं."

प्रवेश नक्की करायची मुदत १ मेची. स्टॉकटनचं डिपॉझिट तिने २१ एप्रिललाच भरलं, निम्मं स्वतःच्या बेकरीच्या पगारातून, मी नको म्हणत असताना. मंडळाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जिने विचारलं तिला मी कॉलेजचं नाव सांगितलं. "अगं पण तिला न्यू ब्रन्सविकला, रटगर्सला का नाही..." सुरू झाल्यावर कैरीची डाळ वाढून घ्यायला उठले. सुधारणा हळूहळू होते.

ऑगस्टमध्ये सोडून आलो. सप्टेंबरात मी लॉगिन करून बघितलं तर ग्रेडचं पान उघडेना. मुलं कॉलेजात गेली की फेर्पा कायद्याने त्यांचं रेकॉर्ड त्यांच्या मालकीचं, आईबापांना बघायचं असेल तर मुलाने परवानगी द्यायची. दिवसभर मीच लोकांना फोनवर सांगत असते, सॉरी सर, पेशंटची सही नसेल तर मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. तिला मेसेज केला, मला अ‍ॅड कर गं.

रात्री उत्तर आलं, "केलं." उघडून बघितलं. एकच पान दिसत होतं, बिलाचं.