तुम्ही विचारलंत म्हणून: सीलंटआधी हाताने पॉलिश कशासाठी?

मी गाडीला सीलंट लावतो हे ज्यांना ठाऊक आहे, ते बहुतेक एकच प्रश्न विचारतात: "सीलंट लावायचेच आहे, तर त्याआधी हाताने पॉलिश कशाला घासत बसता? एक तर गॅरेजमध्ये मशीनने करून घ्या, नाही तर सरळ सीलंट लावून मोकळे व्हा." प्रश्न रास्त आहे, पण पार्किंगमध्ये उभ्या उभ्या त्याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहितो.

सीलंट म्हणजे कृत्रिम पॉलिमरचा अत्यंत पातळ, पारदर्शक थर. तो एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. पाणी, धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि काही प्रमाणात ऊन यांच्यापासून रंगाचे रक्षण करणे एवढेच त्याचे काम आहे. तो चरे भरून काढत नाही आणि डागही काढत नाही. खाली जे असेल ते तसेच ठेवून तो त्यावर बसतो, आणि खाली जुन्या मेणाचा, तेलकट धुराचा किंवा कडक पाण्यातल्या क्षारांचा पापुद्रा असेल, तर तो रंगाला न चिकटता त्या पापुद्र्याला चिकटतो. पापुद्रा निघाला की सीलंटही निघते, आणि मग चार महिने टिकायला हवे ते महिन्याभरात गेले म्हणून बाटलीला दोष दिला जातो. सीलंटआधी पॉलिश करण्याचे पहिले कारण हेच आहे. चकाकी हे दुसरे कारण आहे, आणि लोकांचा समज नेमका याच्या उलट असतो.

हाताने का, हे समजण्यासाठी गाडीचा रंग किती जाड असतो हे पाहायला हवे. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट, असे सगळे मिळून आजच्या गाड्यांवर साधारण 100 ते 130 मायक्रॉन भरतात, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाएवढी जाडी. त्यातला क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा असतो, आणि उन्हातली अतिनील किरणे रोखणारी द्रव्ये मुख्यतः त्यातच असतात. पॉलिश म्हणजे या थराचा वरचा अंश घासून काढणे. ही मोडता येणारी पण पुन्हा कधीच न भरता येणारी ठेव आहे. मशीनवर जाड कंपाउंड, म्हणजे खरखरीत कणांचे पॉलिश, चढवून केलेले रबिंग एका बैठकीत त्यातले काही मायक्रॉन सहज उडवते. बारीक पॉलिशने हाताने घासल्यास जेमतेम एखादा मायक्रॉन जातो, बहुधा त्याहूनही कमी. दिवाळीच्या आधी दरवर्षी हौसेने रबिंग करून घेणाऱ्या गाड्यांच्या टपावर आणि बोनेटवर काही वर्षांनी पांढरट चट्टे उमटतात आणि क्लिअर सोलवटू लागतो, त्यामागे उन्हाइतकाच या हौसेचाही हात असतो.

याचा अर्थ मशीन वाईट आहे, असा नाही. ड्युअल अ‍ॅक्शन मशीन, म्हणजे ज्याचे पॅड फिरता फिरता डोलतही राहते असे यंत्र, जाणत्या हातात असेल, तर दिवसभराच्या हातकामाने जे साधत नाही ते ते तासाभरात साधते. पण आपल्याकडच्या अनेक गॅरेजांत अजून एकाच अक्षावर गरगर फिरणारे यंत्र आणि त्यावर लोकरीचे पॅड हीच जोडी चालते. घाईत फिरवली की गडद रंगावर तिचे सावलीसारखे पट्टे राहतात. कारागीर त्यांना होलोग्राम म्हणतात. गॅरेजमधून गाडी निघताना ते दिसत नाहीत, कारण वर तेलकट पॉलिशचा लेप असतो. दोन-तीनदा गाडी धुतली की दिसू लागतात.

आता चरे येतात कोठून, ते पाहू. रस्त्यावर कोणी किल्लीने ओढलेला चरा ही अपवादाची गोष्ट आहे. उन्हात काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जे कोळ्याच्या जाळ्यासारखे वर्तुळ दिसते, ते पुसण्यातून येते. सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारी मंडळी एका बादलीत आणि एका फडक्यात ओळीने गाड्या पुसत जातात. त्यांना महिन्याला मिळणाऱ्या पैशांत याहून अधिक अपेक्षा करणे योग्यही नाही. मात्र त्या फडक्यातली वाळू तुमच्या बोनेटवर रोज फिरत असते. हे चरे खरे तर वर्तुळाकार नसतात, ते सर्व दिशांना गेलेले असतात. प्रकाशाच्या दिशेला आडवे असलेले तेवढे चमकतात आणि म्हणून दिव्याभोवती वर्तुळ दिसते. हाताने पॉलिश करताना गोल न फिरवता सरळ रेषेत, गाडीच्या लांबीच्या दिशेने घासावे, असे जे सांगतात त्याचे कारणही इथेच आहे. सरळ घासल्याने चरे पडत नाहीत असे नव्हे, तर पडलेच तर ते एकाच दिशेचे असतात आणि मोजक्याच कोनांतून दिसतात. ही युक्ती आहे, जादू नव्हे.

पॉलिशच्या आधी गाडी स्वच्छ धुवावी लागते, आणि धुतल्यावर ती स्वच्छ झाली असे मानू नये. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून बोनेटवरून अलगद फिरवावा. बोटांना जी खरखर लागते, ती रेल्वेमार्गाजवळची किंवा ब्रेकची लोखंडी पूड, डांबराचे थेंब आणि झाडांचा चीक यांची असते. आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांना मोहराच्या दिवसांतला तुडतुड्यांचा चिकटा चांगलाच परिचित असेल. हे सारे क्ले बारने, म्हणजे मळलेल्या कणकेसारख्या मऊ वडीने, शाम्पूचे पाणी भरपूर मारून काढावे. वडी जमिनीवर पडली तर ती टाकून द्यावी. तिला चिकटलेला एक खडा सगळी मेहनत वाया घालवतो. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे पांढरे ठिपके क्लेने निघत नाहीत. त्यांना पाणी घातलेले व्हिनेगर लावून लगेच धुवावे. क्लेने रंगावर अगदी बारीक रेषा उमटतात, आणि त्या घालवण्यासाठीही पॉलिश लागते.

प्रत्यक्ष काम मी नेहमी बोनेटपासून सुरू करतो. मध्ये उभी मास्किंग टेप लावून बोनेटचे दोन भाग करतो आणि एकाच भागावर काम करतो, कारण फरक पडतो आहे की नाही हे स्मृतीवर सोडता येत नाही, डोळ्यांपुढे दोन्ही बाजू असाव्या लागतात. पत्रा हाताच्या पाठीला गार लागला पाहिजे. उन्हात तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच वाळते आणि कण कोरडे फिरू लागतात. फोमच्या गोल अ‍ॅप्लिकेटरवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घेऊन दीड फूट चौकोनात आधी हलक्या हाताने पसरावे, मग तळवा सपाट ठेवून मध्यम दाबाने सरळ रेषांत मागे-पुढे आणि नंतर त्याला काटकोनात घासावे. दाब बोटांच्या टोकांनी देऊ नये. टोकांचा दाब फोममधून खाली उतरतो आणि बोटांच्या रुंदीचे पट्टे उमटतात. पॉलिश सुरुवातीला दुधाळ असते. आठ-दहा फेऱ्यांनंतर ते पातळ, जवळजवळ पारदर्शक होते आणि फोम अडखळायचा थांबतो. तेव्हा थांबून मायक्रोफायबरने पुसावे. अ‍ॅप्लिकेटरचे तोंड करडे झालेले दिसेल. तो रंग नव्हे, धुण्याने न निघालेला मळ आहे.

दोन ठिकाणी मात्र हात आवरता घ्यावा. दरवाजांच्या आणि बोनेटच्या कडा, तसेच पत्र्यावरच्या धारदार घड्या येथे क्लिअर आधीच पातळ असतो आणि घासताना सगळा दाब तिथेच येतो. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर टेप लावावी, नाही तर वाळलेले पॉलिश त्यांच्या खरबरीत पृष्ठभागात पांढरे होऊन अडकते आणि दातांच्या ब्रशनेही पुरते निघत नाही.

पॉलिश निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. काही पॉलिशांमधले कण घासताना फुटून बारीक होत जातील अशा बेताने बनवलेले असतात. त्यांना यंत्राची गती आणि उष्णता लागते. हाताने ते पुरते फुटत नाहीत आणि मागे धूसरपणा राहतो. हातासाठी पहिल्यापासूनच बारीक कणांचे, फिनिशिंगचे पॉलिश घ्यावे. त्याने काय होणार नाही, तेही सांगतो: नखाला अडकणारा चरा जाणार नाही. हाताने मधले चरे बोथट होतात, पुसण्याचे जाळे बरेचसे विरळ होते आणि रंगाला खोली येते. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीला यापलीकडे काही लागतही नाही. काळी गाडी असेल आणि पूर्ण निर्दोष हवी असेल, तर मशीनला पर्याय नाही, आणि तसे मी विचारणाऱ्याला स्पष्ट सांगतो.

टेप काढण्यापूर्वी आणखी एक काम असते, आणि तेच बहुतेक जण गाळतात. पॉलिशमध्ये तेले असतात, काहींत चरे तात्पुरते बुजवणारी द्रव्येही असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक भाग आणि बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचे पाच-सहा भाग यांचे मिश्रण फवारून पृष्ठभाग पुसावा आणि टॉर्च तिरपा धरून पाहावे. आधी गेलेले वाटलेले चरे पुसल्यावर परत आले, तर ते गेलेच नव्हते, नुसते झाकले गेले होते. जे दिसते आहे ते खरे आहे, आणि सीलंटला थेट रंगाशी बांधणी करायला पृष्ठभागही मोकळा झाला आहे, ही दोन्ही कामे या एका पुसण्यात होतात.

यानंतर सीलंट लावणे हे फारच सोपे काम आहे. थोडे घ्यावे, पातळ पसरावे, बाटलीवर लिहिलेला वेळ थांबून पुसून टाकावे. जाड थर दिल्याने ते जास्त टिकत नाही, फक्त पुसताना दमछाक होते. बहुतेक सीलंटना घट्ट व्हायला 12 ते 24 तास कोरडे हवामान लागते. आपल्याकडे दिवाळीनंतरची हवा त्यासाठी उत्तम असते, मात्र पहाटेचे दव पडते म्हणून त्या रात्री गाडी छपराखाली असावी. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यापूर्वी, मेमध्ये सकाळी लवकर, आणखी एक थर देता आला तर द्यावा, कारण पावसाळ्यात चार महिने धुण्यापलीकडे काही करता येत नाही.

दोन अपवाद आहेत. डेंटिंग-पेंटिंग नुकतेच झालेल्या भागावर रंगातले द्रावक उडून जाईपर्यंत, म्हणजे एक ते तीन महिने, सीलंट लावू नये. नेमका काळ पेंटरला विचारावा. आणि जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर बाळगणाऱ्यांच्या गाडीवर मूळ रंग असेल, तर त्यावर बहुधा क्लिअर नसतोच. तिथे फडक्यावर गाडीचाच रंग उतरतो. सुरुवातीला उतरतो तो उन्हाने मेलेला, खडूसारखा झालेला थर असतो आणि त्याखालून जिवंत रंग वर येतो, म्हणून घाबरू नये; पण फडक्यावर रंग अधिकाधिक गडद येऊ लागला, की तिथेच थांबावे.

आणि पुढचा प्रश्नही नेहमीचाच असतो: हे सगळे दर वेळी करायचे का? नाही. सीलंट तीन-चार महिन्यांनी, गाडीवर पाण्याचे थेंब गोल न राहता पसरू लागले की, गाडी धुऊन नुसते पुन्हा लावावे. पॉलिश वर्षाकाठी एकदा, तेही जिथे टॉर्चखाली जाळे दिसेल तेवढ्याच भागावर करावे. पहाटे गाडी पुसणाऱ्या माणसाला तेवढेच पैसे देऊन गाडी पुसू नका, फक्त काचा पुसा, असे सांगितले, तर वर्षाला एकदाचीही गरज बहुतेक गाड्यांना उरत नाही.