पक्याचं भांडण अजून चालू आहे

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा असा फोन आला. शिस्त, संस्कार, वंदनीय गुरुजन हे सगळं बाकीचे लिहितीलच, म्हणून मी पक्याबद्दल लिहितो. पक्या माझा बाकावरचा पार्टनर, आणि शाळेतून मला मिळालेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट म्हणजे त्याच्याशी उत्क्रांतीवरून सुरू झालेलं भांडण.

सायन्सच्या बाईंनी फळ्यावर तक्ता लावला होता, माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर, सगळ्यात हाडांची मांडणी तीच, म्हणून बाई म्हणाल्या की यांचा पूर्वज एकच. पक्या उभा राहिला. त्याचे वडील आकुर्डीला बजाजमध्ये. "बाई, स्कूटर आणि रिक्षात पण पार्ट सारखे असतात, मग काय दोघींची आजी एक का? कारखाना एक आहे म्हणून पार्ट सारखे." वर्ग फुटला. बाई म्हणाल्या प्रश्न चांगला आहे, पण पोर्शन राहिलाय. (आमचे बरेच चांगले प्रश्न पोर्शनने खाल्ले, असो.)

मला तेव्हा उत्तर आलं नाही आणि ते डोक्यात राहिलं ते राहिलंच. पुढे पुण्यातल्या वेताळ टेकडीवर फिरायला जायचो तेव्हा परत तोच विषय. पक्या दगडाला लाथ मारून म्हणायचा, दाखव इथे एक तरी फॉसिल, म्हणजे दगडात उरलेलं जुन्या प्राण्याचं हाड. आता ही टेकडी म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा, उकळत्या लाव्ह्यात हाडं कुठून टिकणार! त्यापेक्षा जम्मूकडचं कालाकोट बघ म्हणलं. रंगा राव नावाच्या भूवैज्ञानिकांनी तिथून दगड गोळा करून ठेवले होते, ते वारल्यानंतर त्या दगडांतून इंडोहायस नावाच्या खुरवाल्या छोट्या प्राण्याची हाडं निघाली आणि त्याच्या कानाचं हाड देवमाशासारखं जाड, म्हणजे देवमाशाचं नातं जमिनीवरच्या खुरवाल्यांशी, हे २००७ साली छापून आलं. पक्या म्हणाला, कान एक सारखा, त्यात काय.

मग मी त्याच्याच कारखान्यात शिरलो. चालणारा पार्ट सारखा हे मान्य, पण तुटका पार्ट? कुत्रा, गाय, बकरी आपलं व्हिटॅमिन सी स्वतःच्या लिव्हरमध्ये बनवतात, आपल्याला लिंबू-आवळा लागतो, कारण ते बनवायचं शेवटचं एन्झाइम (काम घडवून आणणारं प्रथिन) ज्या जीनमधून, म्हणजे आनुवंशिक सूचनेमधून, येतं तो आपल्यात आहे पण मोडलेला. चिंपांझी, ओरांगउटान, ऱ्हीसस माकड, सगळ्यांत तोच जीन मोडलेला आणि त्यातले तेच तुकडे गायब. गिनीपिगला पण व्हिटॅमिन सी बनवता येत नाही, पण त्याचा बिघाड वेगळा, तो त्याच्या घराण्यात स्वतंत्र झालाय. आता कुठला कारखाना निकामी पार्ट तसाच तुटका मुद्दाम प्रत्येक मॉडेलमध्ये बसवेल? पक्या बराच वेळ गप्प बसला, आणि पक्या गप्प बसणं म्हणजे काय ते आमच्या बॅचला माहितीये.

पण तो पक्याच. पुढच्या वेळी तयारी करून आला. चिंपांझीला क्रोमोसोमच्या (जीन ज्यांवर असतात त्या धाग्यांच्या) २४ जोड्या आणि आपल्याला २३, कारण दोन जोडले जाऊन आपला दोन नंबरचा बनला, असं मी सांगितलं होतं, टोकांवर असतात ते टेलोमिअर त्याच्या मधोमध सापडतात, तिथेच जोड दिसतो. तर म्हणे, "ठीक, पण पहिल्यांदा ज्याचे जोडले गेले त्याचं लग्न कुणाशी झालं? जोडीला तसाच कोणी नको का?"

हा प्रश्न मात्र मला मनापासून आवडला. उत्तर असं की तसाच जोडीदार लागत नाही. आजसुद्धा साधारण हजारात एका माणसाचे दोन क्रोमोसोम एकमेकांना चिकटलेले असतात, बहुतेकांना पत्ताही नसतो, काहींना मूल होताना अडचण येते, पण पुष्कळांना मुलंबाळं होतात आणि काही मुलांत तो जोड उतरतो. लहान टोळीत असं पसरायला काही पिढ्या पुरतात.

पक्या म्हणाला, म्हणजे रविवारी सारसबागेत भेळ खाणाऱ्यांत पण असे असतील? म्हणलं, असतीलच की. "बरं, माकडापर्यंत धरून चालतो," तो म्हणाला, "पण तुळस आणि मी नातेवाईक हे मी मेलो तरी मानणार नाही." तो महोत्सवाला येणार आहे, ज्यांना वाद घालायचाय त्यांनी जेवणाच्या रांगेत त्याला गाठावं.