मारणाराच रडतोय

"अगं, मारणाराच रडतोय की!" मटार सोलता सोलता आई म्हणाली.

मोबाइलवर इराणमधला ताजिया चालू होता. (आपल्याकडे ताजिया म्हणजे ताबूत; तिकडे त्याच नावाचं नाटक.) लाल कपड्यांतला शिम्र, म्हणजे मारेकरी, पैगंबरांचे नातू इमाम हुसेन यांच्यावर खंजीर उगारत होता आणि स्वतःच हुंदके देत होता. दुसऱ्या हातात संवादांचा कागद.

"एवढं पाठ नाही केलं होय त्यानं?"

पाठ असलं तरी कागद धरायची रीत आहे. मी शिम्र नाही, त्याचं नुसतं वाचतोय, हे लोकांना दिसावं म्हणून. म्हणूनच इमामाच्या बाजूचे गातात, शत्रूचे नुसतेच बोलतात.

हुसेन मारले गेले ती करबलाची लढाई घडली ६८० मध्ये. ९६३ मध्ये बगदादला बुवेही राजवटीत तो शोक उघडपणे रस्त्यावर आला. १५०१ नंतर सफवी राजघराण्याच्या इराणात मिरवणुका फुगल्या, त्यात सजलेले देखावे आले. पण सगळे मुके. बोलायचा तो रौझाखान, एकटाच बसून कथा सांगत रडवणारा. अठराव्या शतकात दोन्ही एकत्र आलं आणि देखाव्यांना वाचा फुटली.

आईचं लक्ष मात्र शिम्रवरच. मटार तसेच पडलेले.

ज्याच्यासाठी रडू येतं त्यालाच रोज मारायचं, कसं जमत असेल हो?